डॉ. द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापूर येथें झाला. वैद्यकीचें शिक्षण त्यांनीं मुंबईस घेतलें. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली व पुढच्याच वर्षीं राष्ट्रसभेनें चीनच्या साहाय्यार्थ पांच डॉक्टरांचें पथक धाडलें. त्यांत कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते, ह्याचा आम्हां वऱ्हाडवासीयांस शेजारधर्मानें अभिमान वाटतो. पित्याच्या निधनाची वार्ता कोटणीसांस चीनमध्येंच कळली; तरी ते परतले नाहींत.

येथें खामगांवांत कोणाचा पाय मोडला तर आम्ही त्यास उचलून दवाखान्यांत नेतों. वु-ताई पर्वताच्या मुलुखांत, जपानी फळीच्या पाठीमागें, ही सोय कोठची? जखम फार वेळ तशीच राहिली कीं ती चिघळते आणि हात-पाय, कधीं प्राणही, जातो. म्हणून तेथें दवाखान्यानेंच जखमी मनुष्याकडे जावयाचें, अशी पद्धति कॅनडाचे शस्त्रवैद्य बेथून ह्यांनीं घातली होती. शस्त्रक्रिया करतांना बोटास झालेल्या जखमेचें विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्यें ते वारले. त्यांचेंच काम कोटणीसांनीं पुढें चालविलें. शेतकरी डोल्यांवरून जखमी आणीत. औषधांची सदैव वाण. शत्रु जवळ आला कीं रुग्णांसह गांव सोडावयाचें. एका लढाईंत त्यांनीं सतत ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असें सांगतात.

जानेवारी १९४१ मध्यें बेथून ह्यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा शिकून तींतच ते विद्यार्थ्यांस शिकवूं लागले व शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तकही लिहूं लागले. आमच्या मतें हें काम लढाईंतल्या धाडसाहून उणें नव्हे; एकट्या डॉक्टरचे हात कितीसे पुरणार! त्याच वर्षअखेरीस क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. हिंदुस्थान व चीन ह्या दोन्ही देशांच्या चिनी नांवांतून एकेक अक्षर घेऊन त्याचें नांव यिनह्वा ठेविलें.

पण अपस्मारानें त्यांस ग्रासलें होतें. झटके येत, शुद्धीवर आले कीं पुन्हां काम सुरू. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. पाठ्यपुस्तक अपुरेंच राहिलें.

शांताराम ह्यांच्या १९४६ च्या चित्रपटानें त्यांचें नांव घरोघरीं नेलें. त्यांची समाधी शिजियाझुआंग येथील हुतात्मा-उद्यानांत आहे. तेथेंच बेथून ह्यांचीही आहे.