ओले रोमर व गुरूचा चंद्र

आकाशांत जें दिसतें तें आतां घडत आहे, असें आपण सहज धरून चालतों. ही समजूत ज्यानें प्रथम वेधांच्या आधारें खोटी ठरविली, त्या ओले रोमरचा जन्म २५ सप्टेंबर १६४४ रोजीं डेन्मार्कमधील आरहूस येथें झाला. कोपनहेगन येथें त्याचें शिक्षण झालें, आणि १६७२ सालीं फ्रेंच ज्योतिर्विद पिकार याच्याबरोबर तो पॅरिसच्या वेधशाळेंत आला.

तेथें गुरूच्या आयो नांवाच्या चंद्राच्या ग्रहणांचे वेध घेत असत. हा चंद्र सुमारें साडेबेचाळीस तासांत गुरूभोंवतीं एक फेरी करितो व प्रत्येक फेरींत गुरूच्या छायेंत बुडतो. आकाशांतलें घड्याळच म्हणावयाचें. पण हें घड्याळ विचित्र वागे. पृथ्वी गुरूपासून दूर जाऊं लागली कीं तें मागें पडे, जवळ येऊं लागली कीं पुढें जाई. दोष चंद्राचा नव्हे, हें रोमरनें ओळखलें. ग्रहण वेळेवरच होतें. त्याची वार्ता आणणाऱ्या प्रकाशाला वाट अधिक चालावी लागते. गुरु अगदीं जवळ असला तरी आपण पाहतों तें ग्रहण अर्ध्या तासाहून अधिक वेळापूर्वीं घडून गेलेलें असतें!

१६७६ च्या सप्टेंबरांत त्यानें विज्ञान-अकादमीपुढें सांगून टाकलें कीं, नोव्हेंबरांत हा चंद्र छायेंतून दहा मिनिटें उशिरां बाहेर पडतांना दिसेल. भाकित चुकतें तर या तरुण परदेशी माणसाची फजितीच होती. तें खरें ठरलें. तरीहि वेधशाळेचा प्रमुख कासिनी याला तें पटलें नाहीं, कारण गुरूच्या इतर चंद्रांचे वेध या हिशेबाशीं जुळत नव्हते. त्याला हट्टी म्हणणें मात्र मला न्यायाचें वाटत नाहीं. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटें लागतात, असें रोमरनें काढलें. हा काळ वस्तुतः १६ मिनिटें ४० सेकंदांच्या आसपास आहे. म्हणजे सूर्यहि आपणांस ८ मिनिटांपूर्वीचा दिसतो, आणि देवयानी दीर्घिका तर सुमारें २५ लक्ष वर्षांपूर्वीची.

१६८१ सालीं रोमर स्वदेशीं परतला. तेथें त्यानें वजनें-मापें सुधारलीं, कोपनहेगनच्या रस्त्यांवर दिवे लावविले, शहराचें पोलिसखातेंहि सांभाळलें. वेध घेणें मात्र सोडलें नाहीं. १९ सप्टेंबर १७१० रोजीं तो वारला.

१७२८ सालीं कोपनहेगनला मोठी आग लागली व त्याचे बहुतेक सर्व वेध जळून गेले. त्याच सुमारास इंग्लंडांत ब्रॅडलीनें, ताऱ्यांच्या सूक्ष्म ढळण्यावरून, रोमरचें म्हणणें खरें ठरविलें. आगींतून १७०६ मधील तीन रात्रींचे वेध तेवढे वांचले होते. पुढें टोबियास मायर या जर्मन ज्योतिर्विदानें ते नव्या वेधांशीं ताडून पाहिले, तेव्हां कांहीं तारे आपल्या जागेवरून सरकलेले आढळले.