पंडिता रमाबाई (१८५८–१९२२)

दुष्काळात रानोमाळ भटकत असता रमाबाईंचे आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून मरण पावली. पुढे १८८० साली भाऊ व १८८२ साली पती निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. तेथील उपाशी मुली पाहून त्यांना आपले पूर्वीचे हाल आठवले, व ते त्यांनी न लपविता लिहिले. शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला; केडगावी अन्न, अक्षरओळख व हातकाम दिले. दुखावलेले मन एका दिवसात भरून येत नाही, हे त्या स्वानुभवाने जाणत होत्या. बंधुभगिनींनो, पोरक्या लेकरास बोध करण्यापूर्वी आपणही त्याच्याशी खरेपणाने बोलू या. मग ते आपले ऐकेल, असे आम्हांस वाटते.