ल्युका मास्तरांची एकोणचाळीस अंकी संख्या

बँकेत होतो तेव्हा वर्षअखेरीला खतावणीचा मेळ बसला नाही की रात्री अकरा-अकरापर्यंत आम्ही मान मोडून बसायचो. कुठेतरी चूक आहे, एवढं बेरीज सांगायची. कुठल्या पानावर, ते मात्र सांगायची नाही. निवृत्तीनंतर एदुआर ल्युका या फ्रेंच मास्तरांविषयी वाचलं आणि त्या रात्री आठवल्या.

ल्युकांचा जन्म १८४२ सालचा, आमियाँ गावचा. फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. पुढे पॅरिसच्या शाळांतून गणित शिकवण्यात हयात गेली. १६४४ मध्ये मेर्सेन या मठवासी पंडितांनी एक यादी दिली होती. दोनचे अमुक घात घेऊन त्यांतून एक वजा केला, की मूळ संख्या मिळते, असं तिचं म्हणणं. तिच्यात ६७ आणि १२७ हे दोन्ही घातांक होते. एवढ्या मोठ्या संख्यांना एकेका संख्येने भागून पाहायचं, तर जन्म पुरायचा नाही.

ल्युकांनी आडवाट शोधली. तिचं आजचं रूप १९३० मध्ये लेमर यांनी बांधेसूद केलं. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. ३१ साठी, म्हणजे दोनचा पाचवा घात वजा एकसाठी, बाकी येते १४, मग ८, मग शून्य. शून्य आलं, संख्या मूळ! घातांकाहून दोन कमी इतक्या पायऱ्या. मुलांनी कागदावर करून पाहावं.

१८७६ मध्ये ल्युकांनी १२७ चा निकाल दिला: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही मूळ संख्या आहे. ७५ वर्षं, १९५१ पर्यंत, हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही. त्याच वर्षी त्यांनी ६७ ची नोंद खोटी ठरवली. ती संख्या कशाने तरी भागली जाते हे कळलं, कशाने ते नाही. अगदी आमची खतावणी! ते दोन अवयव १९०३ मध्ये अमेरिकेत कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. त्यापायी त्यांचे तीन वर्षांचे रविवार गेले, असं सांगतात.

ठिपके जोडून चौकोन करण्याचा खेळ आपण सगळेच खेळलो. तो १८८९ मध्ये ल्युकांनी छापला. त्याआधी १८८३ मध्ये नावाची अक्षरं उलटसुलट करून, ‘क्लॉस’ या टोपणनावाने, त्यांनी हनोईचा मनोरा बाजारात आणला. सोबत काशीच्या देवळातल्या चौसष्ट सुवर्णचकत्यांची कथा. (काशीला मी दोनदा गेलो, ते देऊळ कुणी दाखवलं नाही.) तीन चकत्यांना ७ चाली, पाचांना ३१, पुन्हा दोनचा घात वजा एक. चौसष्टांना सेकंदाला एक चाल धरली, तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतात.

१८९१ मध्ये मार्सेय इथे विज्ञान परिषदेच्या मेजवानीत वाढप्याच्या हातून ताटल्या निसटल्या. एक तुकडा उडून ल्युकांच्या गालाला लागला. जखम चिघळली, विसर्प झाला आणि ३ ऑक्टोबरला ते गेले. वय एकोणपन्नास.