वाट बघणाऱ्या दोन प्रोसेस

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला माझा प्रोग्राम नऊ वेळा छान चालला आणि एक्स्टर्नल सरांसमोर दहाव्यांदा हँग झाला! दोन प्रोसेस एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या. त्या रात्री मी एड्सगर डायक्स्ट्रा यांच्याबद्दल वाचलं.

जन्म १९३०, रॉटरडॅम. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितज्ञ. १९५२ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला प्रोग्रामर झाले. १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी हाच व्यवसाय लिहिला, तर असा व्यवसायच नसतो म्हणून तो नाकारला गेला!

१९६५ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेलं कोडं आपल्यालाही असतं. नाशिकच्या भाषेत सांगायचं तर मिसळ खायला पाच जण, चमचे पाचच आणि प्रत्येकाला दोन हवेत. सगळ्यांनी एकेक उचलला की सगळेच उपाशी! अशा प्रोसेसना शिस्त लावायला त्यांनी सेमाफोर दिला, नाव रेल्वेच्या सिग्नलचं.

पण आधी प्रोग्राम लिहा, मग चुका शोधा, हे त्यांना पटत नव्हतं. काय हवं ते लॉजिकमध्ये मांडा आणि त्यातूनच प्रोग्राम काढा, हा त्यांचा आग्रह. ते हे फाउंटन पेनने कागदावर करत. १९८१ मध्ये क्लार्क आणि इमर्सन यांनी पुढची पायरी गाठली. दोन प्रोसेस एकाच वेळी आत नकोत, पण प्रत्येकीची पाळी यायलाच हवी, एवढं टेम्पोरल लॉजिकमध्ये लिहायचं. ताळमेळाचा सांगाडा त्यातून यांत्रिक पद्धतीने निघतो.

६ ऑगस्ट २००२ रोजी डायक्स्ट्रा गेले. माझा प्रोग्राम मी पुन्हा लिहिला. या वेळी आधी वहीत!