बाटलीच्या झाकणाचा जनक : विल्यम पेंटर



उदगीरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मार्च संपत आला की शाळा सुटल्यावर पोरं थंड सोड्याच्या बाटल्यांभोवती जमतात. सातवीतल्या एका मुलानं मला विचारलं की, ओपनरनं उघडलेल्या बाटलीवर तेच झाकण परत दाबून बसवलं, तरी गॅस का निघून जातो? बाटली तीच, झाकणही तेच! मला लगेच सांगता आलं नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन शोधायला बसलो. तेव्हा विल्यम पेंटर यांची ओळख झाली.

पेंटर यांचा जन्म २० नोव्हेंबर १८३८ रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात झाला. १८६५ मध्ये ते बाल्टिमोर शहरात आले आणि यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात फोरमन झाले. हातात हत्यारं आणि डोक्यात सतत नवं काहीतरी, असा हा माणूस. आयुष्यात त्यांनी ८५ पेटंट मिळवली.

त्या काळी सोडा विकणाऱ्यांपुढे मोठी अडचण होती. आतल्या वायूच्या दाबानं साधं बूच उडून जायचं. तारेनं बांधलेली झाकणं महाग पडायची, धुवायला अवघड आणि वर गंजायची. १८८५ मध्ये पेंटर यांनी बाटलीच्या गळ्यात बसणारी स्वस्त रबरी चकती काढली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. २ फेब्रुवारी १८९२ रोजी त्यांना पत्र्याच्या दातेरी झाकणाचं पेटंट मिळालं. उलटं धरलं की ते मुकुटासारखं दिसतं, म्हणून नाव पडलं क्राउन कॉर्क.

आता यातली खरी गंमत बघा. गळती पत्रा थांबवत नाही. पत्रा आणि काच दोन्ही कठीण, त्यामुळे त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतातच. पेंटर यांनी झाकणाच्या आत बुचाची पातळ, मऊ चकती बसवली. यंत्र झाकण वरून दाबतं, चकती काचेच्या काठावर चेपली जाते आणि त्याच वेळी झाकणाचे दाते बाटलीच्या तोंडाभोवतीच्या उंचवट्याखाली वळवले जातात. चकतीला पुन्हा फुगायचं असतं, पण दाते तिला सोडत नाहीत. त्यामुळे ती प्रत्येक फट बुजवून टाकते. कुकरचं रबर हेच काम करतं. ते कडक झालं की वाफ बाजूनं निसटते, हे घरोघरी सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या गोटी सोड्याचे जनक हायरम कॉड हेही १८३८ चेच! त्यांच्या बाटलीत वायूच गोटीला रबराच्या कड्यावर दाबून धरतो. तिथंही मऊ वस्तू लागलीच.

झाकण घट्ट बसलं, पण ते काढायचं कसं? १८९४ मध्ये पेंटर यांनी त्यासाठी ओपनरचंही पेटंट घेतलं. त्यांच्या कंपनीत किंग जिलेट नावाचा विक्रेता होता. लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू शोध, असा सल्ला पेंटर यांनी त्याला दिला. त्यातूनच पुढे दाढीचं बदलता येणारं पातं आलं. आज रस्त्याकडेला पडलेली झाकणं बघताना त्या सल्ल्याची दुसरी बाजूही मुलांशी जरूर बोला.

१५ जुलै १९०६ रोजी पेंटर यांचं निधन झालं. झाकण मात्र अजून तसंच आहे. बुचाच्या जागी प्लास्टिकचा थर आला आणि २४ दात्यांचे २१ झाले, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात दोन वापरलेली झाकणं नेली. दाते मुलांनीच मोजले. मग त्या मुलाला ओपनरनं वाकलेली कड दाखवली. दाते उघडले की चकतीवरचा दाब गेला. हातानं दाबलं तरी तिला धरून ठेवणारं कोणी नाही. उत्तर त्यानंच सांगितलं.

तुम्हीही हे करून बघा. कडा धारदार असतात, तेवढं सांभाळा. आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर उद्या सांगतो म्हणायला लाजू नका. फक्त उद्या नक्की सांगा.