बंद खोलीतला दमा

१८८१चा वसंत. पॅरिसच्या कडेला असलेल्या ब्वा द बूलोन्य या वनराईतून आई-वडिलांबरोबर फिरून परतताना नऊ वर्षांच्या मार्सेल प्रूस्तला श्वास घेता येईना. वडील आद्रियँ प्रूस्त नामवंत डॉक्टर, कॉलऱ्याची साथ रोखण्याच्या उपायांतले जाणकार. पण मुलगा डोळ्यांदेखत हातचा जातो की काय, असे त्यांनाही वाटले. दम्याचा हा पहिला झटका होता.

वसंतात आणि झाडाफुलांत झटका आल्यामुळे शत्रू घराबाहेर आहे, असा समज पक्का झाला. नाकाच्या आत डागण्या देण्याचे उपचारही मुलाने सोसले. मोठेपणी फुललेली झाडे पाहावीशी वाटली, तर प्रूस्त गाडीच्या काचा बंद ठेवून ती पाहत.

आई गेल्यानंतर १९०६च्या अखेरीस ते ओस्मान रस्त्यावरच्या घरात राहायला आले. आई-वडिलांचे जड सामान खोल्यांत दाटीवाटीने भरलेले होते. खिडक्या बंद, त्यांवर जाड पडदे. १९१०मध्ये आवाज आणि धूळ आत येऊ नये म्हणून झोपण्याच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे अस्तर लावले. दिवसा झोपायचे आणि रात्री अंथरुणातच लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. धूळ उडेल म्हणून ते खोलीत असताना झाडलोट होत नसे. ते बाहेर पडले, तरच सेलेस्त ही त्यांची सेविका साफसफाई उरकत असे. श्वास मोकळा व्हावा म्हणून ते एक पूड जाळून धुरी घेत. तिच्यात आपल्या धोतऱ्याच्या जातीची वनस्पती असे. तिच्यातील द्रव्याने श्वासनलिका सैल होतात हे खरे, पण तो धूरही त्याच कोंडलेल्या खोलीत साचत राही.

योगायोग असा की, त्याच १९०६ साली व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू मानून त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे तयार करते. तोच पदार्थ पुन्हा आत गेला की श्वासनलिकांना सूज येते आणि त्या आवळतात, हे कळायला मात्र आणखी साठ वर्षे जावी लागली. घरातल्या धुळीतला मुख्य गुन्हेगार लायडनच्या संशोधकांना १९६४मध्ये सापडला. हा डोळ्यांना न दिसणारा आठ पायांचा माइट गादी, उशी आणि जाड पडद्यांत राहतो व आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेवर जगतो. त्याच्या विष्ठेतील प्रथिने श्वासाबरोबर आत जातात. हवा दमट असली आणि खेळती नसली की त्याचे फावते.

अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाला दमा होतो, असे मुळीच नाही. मात्र जर्मनीत १९९०मध्ये जन्मलेल्या १,३१४ मुलांवर तेराव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवले, तेव्हा एक गोष्ट दिसली. छातीत घरघर होणाऱ्या ज्या मुलांच्या शरीरात पहिल्या तीन वर्षांतच माइट, मांजर किंवा कुत्रा यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती, त्यांच्या फुप्फुसांची क्षमता शाळेच्या वयात घटलेली होती. लहानपणी घरात हे पदार्थ जास्त असतील, तर परिणाम अधिक वाईट. उलट, घरघर असूनही अ‍ॅलर्जी नसलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांचा त्रास शाळेच्या वयापर्यंत थांबला.

प्रूस्त यांना नेमकी कशाची अ‍ॅलर्जी होती, याचे निदान आज शंभर वर्षांनी करणे बरे नव्हे. तरीही परागांना दाराबाहेर ठेवण्यासाठी उभारलेल्या त्या खोलीत गाद्या, पडदे, न झाडलेली धूळ आणि कोंडलेली हवा सगळेच होते, हे नजरेआड करता येत नाही.

१९१९मध्ये ती इमारत एका बँकेला विकली गेली आणि प्रूस्त यांना घर सोडावे लागले. १९२२मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कुक यांनी घरातील धूळ हे दम्याचे एक कारण असल्याचे मांडले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला प्रूस्त न्यूमोनियाने गेले, वयाच्या ५१व्या वर्षी. धाकटा भाऊ रॉबेर डॉक्टर होता. त्याने उपचारांसाठी परोपरीने विनवले, पण त्यांना कादंबरीचे उरलेले खंड तपासून संपवायचे होते.