जेम्स प्रिन्सेप आणि लहान नाणीं

हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचें दार ज्या थोड्या पुरुषांनीं उघडलें, त्यांत जेम्स प्रिन्सेप यांचें नांव अग्रभागीं आहे. ते सेनापति नव्हते कीं राज्यकर्ते नव्हते; टांकसाळींत सोन्याचांदीचा कस पाहणारे ते एक अधिकारी होते. त्यांचें चरित्र आम्ही विद्यार्थिबंधूंपुढें संक्षेपानें ठेवीत आहोंत.

त्यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजीं इंग्लंडांत झाला. चित्रकलेंत हात उत्तम असल्यानें त्यांनीं वास्तुशिल्पाचा अभ्यास आरंभिला. परंतु नेत्रविकारामुळें तो सोडावा लागला. पुढें कस पाहण्याची विद्या शिकून ते १८१९ सालीं कलकत्त्यास आले. सुमारें दहा वर्षें काशीच्या टांकसाळींत काढल्यावर १८३२ सालीं ते कलकत्त्याच्या टांकसाळीचे मुख्य पारखी व एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले.

सोसायटीकडे येणाऱ्या जुन्या नाण्यांत सौराष्ट्रांतील चांदीचीं नाणीं होतीं; आकारानें चवलीएवढीं, वजनानें सुमारें २ ग्रॅम. एका अंगास राजाचें मस्तक, दुसऱ्या अंगास तीन कमानींचा डोंगर व सभोंवार बारीक अक्षरें. प्रत्येक ठसा कारागिरानें हातानें कोरलेला. म्हणून एका ठशाचें अक्षर दुसऱ्याशीं तंतोतंत जुळत नसे. शिवाय चकती ठशाहून लहान असे व घाव एका बाजूस सरके. त्यामुळें कोठें लेखाचा आरंभ तुटलेला, तर कोठें शेवट. एकट्या नाण्यावरून लेख लावूं जाणारा हटकून फसे. प्रिन्सेप यांनीं अनेक नाणीं शेजारीं ठेविलीं, त्यांचीं चित्रें स्वहस्तें काढिलीं, आणि एकावर जें तुटलें तें दुसऱ्यावरून भरून काढिलें. ठशाचा भेद कोणता व राजाचा भेद कोणता, हें अशा तुलनेनेंच कळतें.

१८३७ सालीं हे लेख लागले. राजाच्या नांवाबरोबर पित्याचेंही नांव असतें, असें दिसून आलें. आणि पुत्रास पिता जोडीत विस्मृत क्षत्रपांची वंशावळ उभी राहिली. या लेखांतील षष्ठीचा प्रत्यय ओळखीचा झाल्यामुळें त्याच वर्षीं सांचीच्या कठड्यावरील लहान दानलेख त्यांस वाचतां आले. त्यांतून ब्राह्मी लिपीची किल्ली हातीं आली व अशोकाच्या शिलालेखांस वाचा फुटली.

हा श्रम मात्र त्यांस फार महाग पडला. १८३८ सालीं प्रकृति ढासळून ते स्वदेशीं परतले. त्यांची बुद्धिही मावळली, आणि २२ एप्रिल १८४० रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, ते लंडन येथें निधन पावले. हुगळीच्या तीरीं प्रिन्सेप घाट त्यांचें स्मारक म्हणून उभा आहे.

त्यांनीं घालून दिलेली वाट आपल्या महाराष्ट्रासही उपयोगी पडली. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें क्षत्रप नहपानाचीं १३ हजारांहून अधिक चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं अर्ध्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुनः मारिला होता. जेता आणि जित असे दोन्ही राजे एकाच चकतीवर वाचतां आले.

आमच्या वाचकांच्या खिशांतही नाणीं असतात. सालाच्या आकड्याखालीं हिऱ्याच्या आकाराची खूण असल्यास तें मुंबईच्या टांकसाळीचें, तारा असल्यास हैदराबादचें, ठिपका असल्यास नोएडाचें, व कांहींच खूण नसल्यास कोलकात्याचें. खर्चण्यापूर्वीं दोन नाणीं शेजारीं ठेवून एवढें तरी पाहावें, अशी आमची सूचना आहे.